राबाची राख आणि रानाची माती

फाल्गुन सरून चैत्र लागला की सह्याद्रीच्या उतारावरील गावांतून दुपारच्या वेळी निळसर धुराचे पट्टे वर चढू लागतात, आणि घाटमाथ्यावरून खाली पाहणाऱ्या परक्या माणसास जागोजाग वणवा लागल्याचा भास झाला, तरी भाताच्या मुलखात ज्याने चार उन्हाळे काढले आहेत त्याला पाहताक्षणी कळते की हे राब भाजणे चालले आहे. भाताचे किंवा नाचणीचे रोप ज्या तुकड्यात टाकावयाचे, ज्याला कोणी तरवा म्हणतात, कोणी दाढ म्हणतात, तर कोणी नुसते राबच म्हणतात, त्या तुकड्यावर आधी शेणाचा थर अंथरावयाचा, त्यावर आगाऊ तोडून वाळवलेला ऐनाकिंजळाचा टाहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, रचावयाचा, त्यावर रानातून झाडून आणलेला गळक्या पानांचा पातेरा आणि वाळके गवत पसरावयाचे, आणि सर्वांत वर बारीक माती भुरभुरावयाची, म्हणजे जाळ भडकत नाही व राख वाऱ्यावर उडून जात नाही. विस्तव लावावयाचा तो वारा जिकडे वाहत जातो त्या कडेला. त्यामुळे आगीला वाऱ्याच्या तोंडावर पावलापावलाने सरकावे लागते, ती धगधगत नाही, धुमसत राहते, आणि तिची धग बोट-दोन बोटे खाली मातीत उतरते. भाजून झालेल्या राबाची माती दुसऱ्या दिवशी चिमटीत धरून पाहावी. शेजारच्या बांधाची ढेकळे दगडासारखी कठीण असताना ही मात्र पिठासारखी मऊ लागते आणि बोटांना काळसर करडा रंग सोडते.

ह्या चालीचा इतिहास आजवर झाडांच्या बाजूने पुष्कळ सांगितला गेला: किती फांद्या तुटल्या, कोणी तोडल्या, कोणाच्या परवानगीने तोडल्या. मला तो मातीच्या बाजूने सांगावयाचा आहे. कारण राबाचे नाते झाडाशी आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या आठ महिन्यांच्या अवर्षणाशी आहे, जे कोकणपट्टीच्या आणि मावळाच्या जमिनीला दरवर्षी न चुकता सोसावे लागते. ज्या मुलखात पावसाची मोजदाद शेकडो इंचांत होते त्याच्या संबंधात अवर्षण हा शब्द विचित्र वाटेल हे खरे; पण तो सारा पाऊस ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, फार तर आश्विनाच्या पंधरवड्यापर्यंत कोसळून जातो, आणि मग जांभ्याच्या त्या सच्छिद्र, तांबड्या मातीतून पाणी इतक्या वेगाने निथळते की शिमग्याला ज्या रानात ओढा वाहताना दिसला त्याच रानात अक्षय्यतृतीयेला गुरे पाण्यासाठी कोसभर हिंडवावी लागतात. अशी माती आठ महिने कोरडी पडते तेव्हा तिच्यात जे असंख्य अदृश्य जीव राहतात त्यांचे काय होते, हा प्रश्न शास्त्राने अलीकडे विचारला. कुणब्याने तो त्या शब्दांत कधीच विचारला नव्हता, पण त्याच्या भाषेत त्याचे उत्तर मुरलेले होते. जमीन तापली पाहिजे, असे तो म्हणे. उन्हाळी नांगरट करून ढेकळे वैशाखाच्या उन्हात उघडी टाकणारा देशावरचा शेतकरी आणि रोहिणीत धूळवाफेवर भात पेरणारा कोकणातला शेतकरी, दोघेही मानीत की न तापलेल्या जमिनीत मृगाचा पाऊस पडून काही उपयोग नाही.

राबाला सरकारदप्तरात स्थान मिळाले ते भांडणाच्या निमित्ताने. ठाणे जिल्ह्यात आणि आसपासच्या मुलखात अशी वहिवाट होती की भाताच्या जमिनीला जोडून डोंगरउताराची काही वरकस जमीन असावी. तिच्यात दोन-तीन वर्षे नाचणी-वरी काढावी, मग ती पड टाकावी, आणि तिच्यावरचे गवत व टाहाळ राबासाठी आणावा. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ह्या पद्धतीची नोंद आहे. परंतु १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वनांची वर्गवारी केली, हद्दीचे दगड बसले, आणि ज्या डोंगरावरून पिढ्यान्‌पिढ्या पातेरा आणला त्या डोंगरावर पाय ठेवताना कुळाला गार्डाची परवानगी लागू लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्याच्या ह्या व्यवहारावर कठोर टीका केली आहे. ठाण्याकुलाब्याकडील अर्ज आणि गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले, आणि त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर आला. तोवर वादाची दोन टोके पक्की झाली होती. अंमलदारांना दिसत होता तो बोडका केलेला ऐन, ज्याच्या खोडाला दरवर्षी फुटणारे धुमारे दरवर्षी छाटले जात आणि ज्याचा इमारती लाकूड म्हणून काडीचा उपयोग उरत नसे. रयतेला दिसत होते ते न भाजलेल्या तरव्यातले पिवळे, खुरटे, तणात हरवलेले रोप. दोघांच्याही डोळ्यांना दिसणारी गोष्ट खरी होती.

पण भांडणाचा एक चांगला परिणाम झाला. राब ही अडाणी रूढी आहे की तिच्यात काही तथ्य आहे, हे तपासून पाहण्याची गरज सरकारला भासली. शेतकी खात्याचे तेव्हाचे संचालक ओझान यांनी राबाचे प्रयोग करविले. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनज्ञ फोल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात राबाचा विचार केला, आणि तो गंभीरपणे केला. खरा कस लावला तो पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी. पिंपळे सौदागर ह्या गावाचा अभ्यास करून १९१७ साली दख्खनच्या खेड्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे ते हेच मान, त्यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर ह्या सहकाऱ्यांसह १९१२ साली पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर एक सविस्तर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रश्नाला दोन पिढ्या कैफियती आणि कमिशनांच्या भाषेत घोळवीत होत्या, तो ह्या तिघांनी मातीच्या विश्लेषणाच्या भाषेत मांडला, आणि ह्या पायरीला मी राबाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण समजतो.

कोडे असे होते. पाने, फांद्या आणि शेण जाळले म्हणजे राखेत पालाश राहते, चुना राहतो, थोडे स्फुरद राहते. नत्र मात्र धुराबरोबर निघून जाते. म्हणजे हिशेबाने पाहता राब भाजणारा मनुष्य खताचा सर्वांत मोलाचा अंश आकाशात उधळून देतो. असे असताना राबातले रोप गर्द हिरवे का होते, जो हिरवेपणा शेतीशास्त्रात प्रामुख्याने नत्राची खूण मानतात? निराळ्या जागी जाळून आणलेली राख कच्च्या तरव्यावर पसरली तर तोच गुण यावयास हवा होता. पण तो तेवढा येत नाही हे शेतकऱ्याला आधीच ठाऊक होते, आणि मान व त्यांचे सहकारी ह्यांचे प्रयोगही राबाच्या गुणातला मोठा वाटा माती तापण्याकडे आहे ह्या निष्कर्षाकडे झुकले. नत्र पानांतून आलेच नव्हते. ते खालच्या मातीतूनच मोकळे झाले होते.

मातीतून म्हणजे कोठून? ह्या प्रश्नावर इंग्लंडातील रोथॅमस्टेडच्या संशोधनकेंद्रात त्याच सुमारास काम चालले होते. १९०९ साली रसेल आणि हचिन्सन ह्या दोघांनी दाखविले की माती तापवून तिच्यातले जीव अंशतः मारले, तर काही दिवसांनी उरलेले जिवाणू पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वाढतात आणि मातीत अमोनिया साचतो. त्यांनी ह्याचे कारण असे दिले की उष्णतेने जिवाणूंना खाणारे आदिजीव मरतात व जिवाणू निर्भय होतात. ही उपपत्ती पुढे अपुरी ठरली, कारण मेलेल्या जीवांची शरीरेच जिवंत उरलेल्यांचे अन्न होतात हा भाग तिच्यात नीट आला नव्हता; परंतु मातीची सुपीकता ही केवळ रसायनांची जमाबंदी नसून जगणाऱ्या आणि मरणाऱ्या जीवांचा व्यवहार आहे, हा विचार तिने रुजविला. रशियात लेबेद्यांत्सेव्ह ह्यांनी १९२४ साली आणखी एक पाऊल टाकून असे प्रतिपादन केले की अग्नीचीही आवश्यकता नाही, माती नुसती वाळली तरी तिचा कस वाढतो. आणि शेवटी केनियातील मुगुगा येथे एच. एफ. बर्च ह्यांनी १९५८ साली वाळवून भिजवलेल्या मातीतून सुटणारा कर्बवायू मोजून दाखविला: पाणी पडताच माती जणू धापा टाकते, पहिल्या दिवसा-दोन दिवसांत श्वासाचा लोंढा येतो, मग तो हळूहळू ओसरतो, पुन्हा वाळवा, पुन्हा भिजवा, पुन्हा लोंढा. आज जगभर ह्या घटनेला बर्चचेच नाव आहे. कोरड्या ऋतूनंतरच्या पहिल्या पावसाबरोबर जो पेरतो त्याला ह्या लोंढ्यातून सुटलेले नत्र मिळते, जो उशीर करतो त्याचे ते पावसाने धुऊन नेलेले असते, हे बर्चच्या प्रयोगांतून निघालेले तात्पर्य मृगाचा मुहूर्त न चुकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगितले असते, तर त्याला त्यात नवे काहीच वाटले नसते.

आता ह्या लोंढ्याच्या मुळाशी जे घडते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण दुष्काळाचा आणि मातीचा सारा संबंध तेथे आहे. मातीचा कण आपल्याला कोरडा वाटतो तेव्हाही त्याच्या अंगाला पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा चिकटलेला असतो, आणि जिवाणू त्या पापुद्र्यात राहतात. माती वाळू लागली की हे पापुद्रे पातळ होत होत तुटतात. मग एका कणावरचा जिवाणू दुसऱ्या कणावरच्या अन्नापर्यंत पोहोचू शकत नाही. घरात धान्य आहे, पण वाटच उरली नाही, अशी ही उपासमार असते. बुरशीचे तसे नाही; तिचे तंतू पोकळीवरून पूल बांधावे तसे एका ओल्या कणाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून कोरडेपणाच्या पहिल्या टप्प्यात बुरशी जिवाणूंहून अधिक तग धरते. झाडाच्या मुळांना जेथे पाणी ओढणे अशक्य होते त्याच्या कित्येक पट कोरडेपणातही मातीचा श्वास मंदपणे चालू राहतो तो अशाच जीवांच्या बळावर. कोणी बीजाणूंच्या रूपाने निजतो, कोणी स्वतःभोवती चिकट शर्करेचे आवरण विणतो, कोणी पेशीत साखरेसारखे पदार्थ साठवून आतले पाणी धरून ठेवतो. परंतु ह्या शेवटच्या उपायाचीच किंमत पहिल्या पावसाला मोजावी लागते: बाहेर एकाएकी पाणी झाले की साठ्याने भरलेल्या पेशीत ते घुसू लागते, आणि जगावयाचे तर साठवलेले धन ताबडतोब बाहेर टाकावे लागते, नाही तर पेशी फुटते. टाकलेले धन आणि फुटलेल्यांची शरीरे, ह्यांवर वाचलेले जीव तुटून पडतात. बर्चने मोजला तो श्वास ह्या मेजवानीचा. आणि मृगाच्या धारेबरोबर रोपाला मिळते ते नत्र तिच्यातलेच उष्टे.

कोरडेपणा सोसण्यात विशेष पटाईत अशी जी तंतुमय जिवाणूंची जात आहे तिच्याशी आपली ओळख नाकाने झालेली आहे. पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्या द्रव्याचा मुख्यतः बनतो त्याला १९६५ साली जिओस्मिन हे नाव मिळाले, आणि ते द्रव्य ह्या जिवाणूंची निर्मिती होय. कनोजचे गंधी भाजलेल्या मातीतून अत्तर काढतात हे मृद्गंधावर १९६४ साली लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनाही माहीत होते. ह्याच कुळातून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले, आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार ह्यांनी शोधलेले हॅमायसीन हे औषध ज्या जिवाणूपासून मिळाले त्याला तर त्या गावाच्याच मातीवरून ‘पिंप्रिना’ हे नाव दिले गेले. वैशाखात जी माती आपण मृत समजतो तिच्यात हे असले जीव पावसाची वाट पाहत असतात, ही जाणीव मला नेहमी हलवून जाते.

तरवा आणि रान ह्यांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि राबाच्या वादात तो ना अंमलदारांनी पाहिला ना रयतेने. तरव्यात मनुष्य जाणूनबुजून मातीला भाजतो, आणि पुढे पहिल्याच पावसाबरोबर तिच्यात बी टाकून सुटलेले धन रोपाच्या पदरात पाडून घेतो. रानाची माती असे उघड्यावर भाजणे सोसण्यासाठी घडलेलीच नाही. तिच्यावर माघ-फाल्गुनात पानगळीचा जाड थर पडतो, आणि नेमक्या त्याच थराच्या आश्रयाने तिचे जीव आठ महिने काढतात. एका वैशाखात मावळातील एका देवराईत मी हे हाताने पाहिले आहे. देवराईच्या बाहेरचा उतार इतका तापला होता की अनवाणी उभे राहवेना, आणि तेथली माती खरवडली तर धूळ उडत होती. आत शिरून एका जांभळीच्या बुंध्याशी पातेरा सारला, तर वरचे थर कुरकुरीत, मधले मऊ, आणि सर्वांत खालची पाने एकमेकांना चिकटलेली, त्यांच्या शिरांवरून पांढऱ्या बुरशीचे धागे सुतासारखे धावलेले, आणि त्याखालची काळी माती मुठीत दाबली तर मूठ उघडल्यावरही तिचा गोळा क्षणभर टिकत होता. सात महिने पावसाचा थेंब पडला नव्हता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या अभ्यासकांनी १९७० नंतर अशा देवरायांची गावोगाव फिरून पाहणी केली तेव्हा त्यांतल्या कित्येकांतून टाहाळ तर सोडाच, पडलेली काटकीही उचलण्याची मनाई होती. दैवताच्या धाकाने राखलेल्या त्या नियमाचे फळ ह्या काळ्या मातीत मिळते.

उलट ज्या वरकस डोंगरांवरून शंभर-शंभर वर्षे टाहाळ आणि पातेरा खाली वाहून नेला गेला, त्यांच्या मातीने प्रत्येक उन्हाळा उघड्या पाठीने सोसला. येथे राबाचा दोष आहे, आणि ज्याला ह्या चालीविषयी माझ्यासारखी आस्था आहे त्याने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला पाहिजे: तरव्याचा एक बिघा भाजण्यासाठी डोंगराच्या कित्येक बिघ्यांचे पांघरूण काढले जात होते. पण तितक्याच स्पष्टपणे हेही म्हटले पाहिजे की कायद्याने रक्षण केले ते लाकडाचे. जंगलखात्याच्या दप्तरात साग होता, ऐन होता, त्यांचे घेर आणि घनफूट होते. पातेऱ्याखालच्या मातीचा रकाना त्या दप्तरात नव्हता.

आणि दरवर्षीचा ठरलेला उन्हाळा निराळा, दुष्काळ निराळा. बर्चच्या लोंढ्यात जे सुटते ते मातीचे मुद्दल असते, व्याज नव्हे. पावसाळा वेळेवर आला, मुळे तयार असली, झाडांनी पाने टाकून ते मुद्दल पुन्हा भरून दिले, तर हा व्यवहार हजारो वर्षे चालतो आणि चाललेला आहे. परंतु वळवाची एक सर येऊन पुन्हा तीन आठवडे आभाळ कोरडे पडले, की जागे झालेले जीव साठा खर्चून बसतात, नत्र घेणारे मूळ जागेवर नसते, आणि माती पुन्हा वाळते. असे दोन-तीनदा झाले की प्रत्येक वेळी सुटणारे धन कमी कमी होत जाते. दुबार पेरणीचे संकट शेतकऱ्याला बियाण्याच्या किमतीत दिसते, पण मातीच्या पोटातही त्याच वेळी एक पेरणी वाया गेलेली असते. पाऊस सलग वर्षे चुकला तर घाव आणखी खोल जातो. झाड वेळेआधी पाने टाकते, त्याच्या मुळांशी सख्य करून राहणारी बुरशी त्याने दिलेल्या साखरेवर जगते ती उपाशी पडते, आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे नाजूक जिवाणू लवकर गळतात, म्हणून पाऊस परतल्यावरही मातीचा कारभार काही काळ विस्कळीतच राहतो. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात प्फिनवाल्ड नावाच्या कोरड्या पाइनवनात २००३ पासून वनाच्या काही पट्ट्यांना उन्हाळ्यात पाणी देऊन पाहण्याचा प्रयोग चालू आहे. पाण्याने झाडे वाढली, पातेरा वाढला, आणि मातीतल्या जीवांचा समाजच पालटला. कोरड्या पट्ट्यांत चिवट, काटकसरी जीवांचे राज्य राहिले, ओल्या पट्ट्यांत भराभर खाऊन भराभर वाढणाऱ्यांचे. म्हणजे अवर्षण मातीतील जीव केवळ मोजणीने कमी करीत नाही, तिच्यात कोण राहणार हेही ठरविते.

आज राब भाजणारी गावे कमी होत चालली आहेत. रासायनिक खताच्या गोणीने टाहाळाची गरज पुष्कळशी संपवली, आणि फांद्या तोडून, भारे वाहून, उन्हात दिवसभर आगीशी राबणारी माणसे मुंबईपुण्यास गेली. तरी डोंगर मात्र झाकलेले नाहीत, कारण राबाच्या जागी दर उन्हाळ्यात बेवारशी वणवे आले आहेत, जे कोणत्याही तरव्यासाठी लागलेले नसतात आणि पातेरा मात्र एका रात्रीत संपवितात. आपल्या गावाजवळ देवराई असेल तर येत्या वैशाखात, पाऊस लागण्यापूर्वी, वाचकाने एकदा तेथे जावे, एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी बसून पातेरा हलक्या हाताने बाजूस सारून खालची माती मुठीत घ्यावी. आणि पाहून झाल्यावर ती पाने होती तशी, होती त्याच जागी, पुन्हा पसरून ठेवावी.